जॉ घासण्याआधी

उद्यमनगरच्या गल्ल्यांतून लेथचा आवाज ऐकत मी कोल्हापुरात वाढलो, पण स्वतःचं लेथ घरी आलं ते निवृत्तीनंतर. जुनं, छोटं, पट्ट्यावर चालणारं. त्यावर मी वाफेच्या इंजिनांच्या लहान प्रतिकृती करतो. एका सेटिंगमध्ये टर्न केलेला पिस्टन अगदी खरा यायचा, पण उलटा धरला की डुलत फिरायचा.

तीन जॉच्या चकात 25 मिमीचा ग्राइंड केलेला दांडा धरला आणि डायल लावला. जॉजवळ काटा 0.18 मिमी हलला, तिथून 100 मिमी पुढे 0.30. दोन्हीकडे सारखंच आलं असतं, तर दांडा नुसता केंद्रातून सरकलाय असं म्हणता आलं असतं. इथे तो तिरकाही बसत होता.

जॉ ग्राइंड करून घ्यावेत, असं मनात आलं होतं. ओळखीच्या जुन्या टर्नरकाकांना विचारलं, तर ते म्हणाले, "अगोदर चक तर काढ की. स्पिंडल काय म्हणतंय ते बघ."

चक उतरवला. स्पिंडलच्या तोंडावर काटा जेमतेम 0.005 मिमी हलला. बेअरिंगवर घेतलेला संशय फिटला. पण आटे संपतात तिथल्या कॉलरवर बोट फिरवलं आणि नखाला काहीतरी अडलं. कधीकाळी कशाचा तरी मार बसून धातूची बारीक कड वर आली होती. आट्याच्या स्पिंडलवर आटे चकाला फक्त ओढून धरतात. तो सरळ बसतो या कॉलरच्या आधाराने. एवढ्याशा कडेने सगळा चक कलला होता. ऑइलस्टोनने फक्त ती कड उतरवली, आटे ब्रशने साफ केले आणि चक चढवला. जॉजवळ 0.11, पुढे 0.12. तिरकेपण गेलं होतं. त्या दुपारी मला जेवणाचीही आठवण राहिली नाही.

उरलं केंद्र. चकामागची बॅकप्लेट तिच्याच स्पिंडलवर फेस केली आणि चक जिच्यावर बसतो ती पायरी व्यासात 0.2 मिमीने कमी केली. बोल्ट अर्धवट आवळून, डायल बघत, तांब्याच्या हातोडीने हलकेच ठोकत चक सरकवला. 0.11 वाचन म्हणजे केंद्र 0.055 मिमी सरकलेलं, त्यामुळे सरकवायचंही तेवढंच. बोल्ट पूर्ण आवळले की काटा पुन्हा हलायचा, मग परत सैल करायचे. तासाभराने 0.02 वर थांबलो.

मग 10 मिमीचा दांडा धरला, तर 0.05. जॉ सरकवणाऱ्या स्क्रोलची झीज सगळीकडे सारखी नसते, म्हणून एका व्यासाला जुळलेला चक दुसऱ्याला जुळतोच असं नाही. जॉ घासले असते तरी हेच झालं असतं, आणि कॉलरवरची कड तशीच राहिली असती. जॉचं तोंड खरोखर फाकलं असेल तर घासावेच लागतात. पण तेव्हाही जॉवर काम धरतानासारखाच दाब हवा, नाहीतर मोकळ्या जॉवर केलेली मेहनत वाया जाते. माझे जॉ मी घासले नाहीत. जिथे 0.05 चालत नाही, तिथे चार जॉचा चक लावतो आणि एकेक जॉ फिरवत काटा स्थिर करतो.

चक बॅकप्लेटवर ज्या जागी जुळला, तिथे दोन्हींवर पंचने एकेक ठिपका मारून ठेवलाय. काल पिस्टन उलटा धरला, लेथ चालू केलं आणि बराच वेळ नुसता बघत उभा राहिलो.