मध्यरेषेचा वाद

अक्षरजुळणी ही वरकरणी निरुपद्रवी कारागिरी. पण १९४६ मध्ये ‘श्वायत्सर ग्राफिशे मिटायलुंगेन’ या स्विस मुद्रणविषयक मासिकात तिच्यापायी दोन कलावंतांनी एकमेकांच्या वैचारिक निष्ठेवरच बोट ठेवले. ‘डी नॉये टिपोग्राफी’ (१९२८) या ग्रंथातून असममित मांडणीचा आणि निराभरण टाइपाचा पुरस्कार करणारा यान चिखोल्ड एव्हाना मध्यरेषेवर तोललेल्या पारंपरिक पानाकडे वळला होता. माक्स बिलला ही प्रतिगामी माघार वाटली. चिखोल्डचे उत्तर अधिक अस्वस्थ करणारे आहे : आपल्याच जुन्या मतांच्या असहिष्णुतेत, सक्तीच्या शिस्तीत, त्याला नाझी वृत्तीशी नाते दिसले. १९३३ मध्ये नाझींनीच त्याला अटक केली होती आणि सुटकेनंतर त्याने स्वित्झर्लंडचा आश्रय घेतला होता. म्हणून या विधानात प्रतिपक्षावरील आरोपापेक्षा स्वतःची झाडाझडती अधिक आहे.

मात्र १९४७ मध्ये इंग्लंडच्या पेंग्विन प्रकाशनात रुजू झाल्यावर त्यानेच जुळाऱ्यांसाठी काटेकोर नियमावली लिहिली : शब्दांमधील अंतर किती, विरामचिन्हे कशी. शिस्तीतील सक्तीला भ्यालेल्यालाही शिस्तीवाचून पान उभे करता आले नाही. ही शिस्त वाचकाच्या डोळ्यांसाठी होती, असे तिचे समर्थन करता येईल. बिलच्या शिस्तीचाही दावा तोच होता.