खणातला राजीनामा

रविवारच्या मिस्सेनंतर सारे पांगले, तरी तो चर्चच्या पायरीवर बसून होता. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून अभियंता होऊन साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लागला, त्याला तीन वर्षे झाली.

"फादर, राजीनामा लिहून ठेवला आहे. मी चुकीच्या वाटेला लागलो."

माझ्या काळजात चर्र झाले. बारावीनंतर त्याच्या वडिलांना 'इंजिनिअरिंगच बरे' असे सांगणारा मीच होतो. मुलाला विचारावे, हे तेव्हा सुचलेच नाही.

पाचारणाविषयीच्या शंका मला परक्या नाहीत. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या दुसऱ्या वर्षी मीही ट्रंक भरली होती. आमच्या वृद्ध आध्यात्मिक मार्गदर्शकांनी एवढेच विचारले होते, "तुला प्रार्थना नकोशी झाली आहे, की इथली पहाटेची घंटा?"

मी त्याला त्याच धर्तीवर विचारले. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "यंत्रे नकोशी झालेली नाहीत. मापात न बसणाऱ्या भागांवर 'ठीक' म्हणून सही करायला लावतात. पहिल्या वेळी रात्रभर झोप लागली नाही. आता लागते, फादर. त्याचीच भीती वाटते."

सांगलीहून साताऱ्याला गाडीने येताना किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ साली चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळले आणि चित्रकला सुटली. यांत्रिक रेखाटन तेवढे हाती उरले. त्या बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिक्षक झाले. तेथे बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला भावाजवळ गेले. सायकलींच्या धंद्यातून कडब्याच्या यंत्राकडे व लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज, नांगर खपेनात. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली. औंधच्या राजेसाहेबांनी संस्थानातले माळरान दिले व १९१० साली तेथे वाडी वसली. औंध आज सातारा जिल्ह्यात, वाडी सांगलीत.

हे सारे त्याला ऐकवताना माझेच मन कचरले. लक्ष्मणरावांना राजे भेटले. ह्या मुलावर घराचे कर्ज आणि बहिणीचे शिक्षण आहे. पुन्हा सल्ला देण्याचा मोह आवरला. सही नाकारली तर काय काय होईल, ते त्यानेच कागदावर मांडले. मी फक्त चहा केला.

जाताना राजीनामा त्याने माझ्या टेबलाच्या खणात ठेवला.

गुरुवारी फोन आला. खराब भाग त्याने वेगळे काढले होते. साहेब त्याच्याशी बोलत नव्हते.