लोणारला कुठून उतरायचं? गाडी काढण्याआधी एवढं वाचा

पोस्ट लांब आहे. पण दिवाळी झाली, थंडी पडली की आपल्या चुडाव्यातून, पूर्णेतून लोणारला गाड्या निघायला लागतात आणि मला फोन सुरू होतात, "भाऊ, तुम्ही जाऊन आलात ना? कुठून उतरायचं?" प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून टाकतो. यात माझी एक चूकही आहे. ती लपवणार नाही.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते एप्रिलमध्ये. मी, अण्णा (माझे वडील, वय बहात्तर, उजवा गुडघा दुखरा), बहीण आणि तिची दहा वर्षांची पोरगी. मोबाईलवर कुणीतरी अगदी पाण्याजवळ उभं राहून काढलेला फोटो पाहिला होता. आपल्यालाही तस्साच पाहिजे, एवढा एकच विचार डोक्यात. सकाळी आरामात चहा-पोहे करून निघालो. पूर्णा, परभणी, जिंतूर, चारठाणा, मंठा करत लोणारला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं. चौघांत पाण्याच्या दोन बाटल्या. समोर पहिली वाट दिसली, तिनं उतरलो.

उतरताना काहीच वाटत नाही. खरी गंमत तिथंच आहे. डोंगर चढताना माणूस दमला की अर्ध्यातून माघारी फिरतो. इथं उलटं आहे. आधी उतार, मग चढ. दमल्याचं कळतं तेव्हा तुम्ही तळाशी असता.

सरोवराच्या खड्ड्याची खोली काठापासून साधारण १३५ ते १५० मीटर. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस मजली इमारत, लिफ्टशिवाय. परत येताना अण्णा दर वीस पावलांवर बसायला लागले. बाटल्या संपल्या. चेहरा पांढराफटक. भाची रडायला लागली. एका अनोळखी कुटुंबानं त्यांच्याकडचं पाणी दिलं, रुमाल ओला करून मानेवर ठेवला. तासाभरानं कसेबसे वर आलो. फोटो? तो काढायचाच राहिला.

परतीच्या रस्त्यात मी गप्प. जिंतूरला चहा घेताना अण्णाच बोलले, "वाट चांगलीच होती रे. तू माणसं बघून नाही निवडलीस."

ते वाक्य घरी आल्यावरही डोक्यातून जाईना. मग मी जरा वाचलं, जाऊन आलेल्या लोकांना विचारलं आणि डिसेंबरात पुन्हा गेलो. त्यातून जे कळलं ते सांगतो.

लोणार म्हणजे नुसतं तळं नाही. उल्का आदळून बेसाल्ट खडकात पडलेलं हे विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. वय किती यावर शास्त्रज्ञांचे आकडे बदलत आले. आधी ५० हजार वर्षांच्या आसपास म्हणत, २०१० च्या सुमाराच्या अभ्यासात ते साडेपाच लाखांच्या पुढं गेलं. २००० साली हे अभयारण्य झालं आणि नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर यादीत आलं. नांदूरमध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं दुसरं. रामसरच्या नोंदीत इथं १६० जातींचे पक्षी आहेत. एवढ्याशा जागेत एवढे पक्षी कसे? कारण एकाच विवरात एकमेकांपेक्षा वेगळ्या जमिनी आहेत, एकीच्या आत एक, जात्याच्या पाळीसारख्या गोल.

सगळ्यात बाहेर काठ. उघडा, खडकाळ, गवताचा आणि काटेरी झुडपांचा. इथं वारा, टिटव्या, मोर. त्याच्या आत उताराचं जंगल, पानगळीचं. सागासारखी झाडं, वानरं, घोरपड. उन्हाळ्यात याच्यावर पान नसतं, म्हणून सावलीही नसते. एप्रिलमध्ये मी "जंगलातून वाट आहे, गारवा असेल" समजलो तो इथं फसलो. त्याच्या आत तळाची सपाट पट्टी. तिथं गोड्या पाण्याचे झरे आहेत, म्हणून दाट हिरवं. पूर्वी खाली शेतीही व्हायची. या पट्ट्यात बाभूळ आणि वेडी बाभूळ घुसलेली. वेडी बाभूळ बाहेरून आलेली, ती काढण्याचा विषय पार उच्च न्यायालयापर्यंत गेलेला. मग चिखलाचा, क्षाराचा पांढरट काठ. शेकाट्या आणि हिवाळ्यात येणारी बदकं तिथं. आणि मध्ये पाणी, खारट आणि अल्कधर्मी. शेवाळ आणि सूक्ष्मजीव मात्र मजेत. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा टीव्हीवर काय काय चाललं होतं आठवतं ना? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं, पाणी कमी होऊन क्षार वाढले आणि क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग आणला. पाऊस पडल्यावर पाणी पुन्हा मूळ रंगावर.

आता वाटांचं. माझ्या मते पहिला प्रश्न "कुठून उतरायचं" हा नाहीच. आपल्या गाडीत कोण बसलंय, हा आहे.

गाडीत म्हातारं माणूस, गुडघेदुखी, दम्याचा त्रास किंवा लहान लेकरू कडेवर असेल तर काठाची वाट. १.८ किलोमीटर व्यास म्हणजे घेर साडेपाच-सहा किलोमीटर होतो (भाचीनं गाडीतच गणित करून दाखवलं, पाय गुणिले व्यास). सगळा फिरायची गरज नाही. अर्धा-एक किलोमीटर चालावं, बसावं, पाहावं. केव्हाही माघारी फिरता येतं, हा तिचा मोठा गुण.

थोडं उतरायची हौस आहे पण पूर्ण नाही, तर धारेची बाजू. तिथं गोमुखातून बारमाही पाणी पडतं, जुनी देवळं आहेत. तेवढं पाहून वर यावं. पुढं जंगलात उतरलात तर मग तो सगळा चढ तुमच्या नावावर.

पाय चांगले आहेत, सकाळी लवकर पोचलात, माणशी दोन लिटर पाणी आहे, तर तळापर्यंत जाऊन पाण्याकाठी कमळजादेवीचं दर्शन घ्या. उताराचं जंगल, हिरवी पट्टी, चिखलाचा काठ असं सगळं एकाच चालण्यात दिसतं. पण पाण्याची पातळी वर्षागणिक कमी-जास्त होते, काठाची पायवाट कधी उघडी कधी पाण्यात. म्हणून निघताना स्थानिक माणसाला किंवा वनरक्षकाला विचारा, "आज खाली कुठवर जाता येतं?" पावसाळ्यात दगडावर शेवाळ असतं, घसरायला वेळ लागत नाही. आणि मार्च ते जून दुपारी उतरूच नका. माझ्यावरून शहाणे व्हा.

चौथं म्हणजे गावातलं दैत्यसूदन मंदिर आणि मोठा मारुती. तिथं चालणं फार नाही. मोठ्या मारुतीजवळ अंबर तळं आहे, त्याला छोटं लोणारही म्हणतात. ज्यांना उतरायचं नाही त्यांचा वेळ तिथं छान जातो. खाली गेलेल्यांची वाट पाहत गाडीत उकडत बसायचं काम नाही.

डिसेंबरात आम्ही पहाटे पाचला निघालो. मी मनात ठरवूनच टाकलं होतं, अण्णांना आणायचंच नाही. बहीण म्हणाली, "असं कसं? त्यांना विचार तरी." विचारलं. अण्णा म्हणाले, "येतो की. मी वर बसतो. तुम्ही जा खाली."

मला वाईट वाटत होतं, त्यांना मागं सोडून चाललो म्हणून. एका सपाट दगडावर सतरंजी टाकली, थर्मास दिला, बहीण त्यांच्यासोबत थांबली. मी आणि भाची उतरलो. खाली गेल्यावर ज्या पट्ट्यात आपण असतो तेवढाच दिसतो. झाडीत असलो की झाडी, चिखलात आलो की चिखल. भाचीनं शेकाट्या पाहिल्या, लाल लांब पाय पाहून म्हणाली, "मामा, यांनी मोजे घातलेत." देवीचं दर्शन घेतलं, फोटो काढला (काढला एकदाचा) आणि बसत बसत वर आलो.

वर अण्णा आमची वाट बघत नव्हतेच. ते तळ्याकडं बघत होते. म्हणाले, "ये, बस. तू दोनदा खाली जाऊन आलास, पण वरून एकदाही नीट बघितलं नाहीस." आणि काठीनं दाखवायला लागले. हे बघ इथं गवत संपलं. हा तपकिरी पट्टा झाडाचा. तो गर्द हिरवा, तिथं गोडं पाणी असणार. तो पांढरा, तिथं काही उगवत नाही. सकाळपासून तीन तास बसून एका शेतकऱ्यानं अख्खं विवर वाचलं होतं. मग विचारलं, "चारी बाजूनं पाणी आत येतंय. बाहेर कुठून जातं?"

मी म्हटलं, "जात नाही अण्णा. बाहेर जायला वाटच नाही. फक्त वाफ होऊन उडतं, म्हणून तर एवढं खारं झालं."

ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे आत जे पडलं ते इथंच राहतं."

मंडळी, या पोस्टचं खरं कारण हे वाक्य आहे. आपण पूर्णेकाठची, गोदाकाठची माणसं. निर्माल्य, पिशव्या, साबणाचं पाणी, सगळं नदीत सोडायची सवय. पुराला वाहून जातं, पुढच्या गावाचं ते पुढचं गाव बघेल. (तेही चूकच आहे, पण ते वेगळं लिहीन.) लोणारला पुढचं गावच नाही. धारेवर अंगाला लावलेला साबण सरोवरात. देवीजवळ टाकलेली प्लास्टिकची पिशवी सरोवरात. वळणावळणाची पायवाट सोडून पोरं सरळ खाली आडवाट काढतात, पावसात त्याच चरातून माती वाहते, तीही सरोवरात. आणि उकरलेल्या जमिनीवर आधी कोण उगवतं? वेडी बाभूळ. आपण पायवाट कोणती निवडतो ही फक्त आपल्या गुडघ्याची गोष्ट राहत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी मराठीत ठळक लिहिलेलं असावं: चढ किती, जायला-यायला वेळ किती, सावली आहे का, पाणी सोबत किती हवं, आज कुठवर खुली आहे. खर्च एका फलकाचा. आणि ते होईल तेव्हा होईल, तोवर आपण एकमेकांना खरं सांगू. "लई सोपं आहे, जा बिनधास्त" असं म्हणायचं बंद करू. आपल्या पायाला सोपं ते दुसऱ्याच्या पायाला असेलच असं नाही.

जाणार असाल तर पाणी जास्त घ्या, रिकाम्या बाटल्या मोजून परत आणा, धारेवर साबण नको. आणि गाडीतलं सगळ्यात म्हातारं माणूस घरी ठेवू नका. त्याला वर काठावर बसवा. खाली जाऊन आल्यावर त्याच्याजवळ बसा आणि विचारा, काय काय दिसलं.

तुम्ही कुठल्या वाटेनं उतरलात, किती वेळ लागला, सोबत कोण होतं, ते खाली लिहा. पुढच्याच्या कामाला येईल.