किल्लारीच्या नव्या गावात

आळंदहून उमरग्यामार्गे आम्ही किल्लारीस गेलो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून लोक निजले असता, येथे भूकंप झाला. बीदर-कलबुर्गीपर्यंत धरणी हादरली. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो जीव गेले. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व मातीचे जड माळवद यांनीच घरच्यांस गाडले.

पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. तेथे रस्ते रुंद, घरे सुटी सुटी. जुन्या गल्लीत शेजारणीची हाक चुलीपाशी ऐकू येई. ती सोबत लोकांना नव्याने जुळवावी लागली.

वाचकहो, आपल्याही सीमाभागात अशी माळवदे पुष्कळ आहेत. त्यांवरील जादा माती उतरवावी, भिंतींत आरपार दगड बसवावेत. शेजाऱ्याच्या घरासाठीही एक दिवस हात लावावा.