डिंगबोचेचा दुसरा मुक्काम

वीस वर्षं सह्याद्रीत भटकलो. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केला, कळसूबाई तर दरवर्षी. त्यातून एक मत पक्कं झालं होतं: पायांत दम असेल तर कुठलाही डोंगर चढता येतो, आणि वाटेतली डोकेदुखी म्हणजे मनाची कमजोरी. नव्या मुलांना मी हे ठासून सांगायचो. ते चूक होतं, हे आज लिहायलाच हवं. माझं ऐकून कुणी हिमालयाची तयारी करत असेल, तर त्याच्यापर्यंत हे पोहोचावं.

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकला आम्ही सहाजण होतो. नामचे बाजारला, 3,440 मीटरवर, ठरल्याप्रमाणे दोन रात्री राहिलो. डिंगबोचेलाही तसाच जादा मुक्काम होता. पाय ताजे वाटत होते. "एक दिवस कशाला वाया घालवायचा?" म्हणत तो मीच रद्द करायला लावला. गाइड नको म्हणत होता, मी ऐकलं नाही. टेंगबोचे 3,867 मीटरवर, डिंगबोचे 4,410 वर, लोबुचे 4,940 वर. दोन दिवसांत आम्ही हजार मीटरहून जास्त चढलो.

माझं डोकं डिंगबोचेपासूनच ठणकत होतं. कुणाला बोललो नाही. लोबुचेला संध्याकाळी डाळभाताचा घास उतरेना, दोनदा उलटी झाली. बाकीचे याकच्या शेणाच्या गोवऱ्यांनी पेटवलेल्या शेगडीभोवती बसले होते. मी भिंत धरून आत आलो, ते गाइडच्या नजरेतून सुटलं नाही. त्याने जमिनीतल्या एका फळीकडे बोट दाखवलं आणि टाचेला पंजा लावत तिच्यावरून चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला माझा तोल गेला.

मेंदूला सूज येऊ लागल्याची ती खूण होती. पुढे चर्चा झालीच नाही. गाइड आणि एक पोर्टर, दोघांनी मला दोन्ही बाजूंनी धरून बॅटरीच्या उजेडात फेरिचेला उतरवलं. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं 1973 पासूनचं केंद्र आहे, ट्रेकच्या हंगामात तिथे डॉक्टर असतात. ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. सकाळी माझं डोकं हलकं झालं, तेव्हा ते दोघे बाकावर बसूनच होते.

मला खरा धक्का नंतर बसला. आमच्यातल्या आणखी दोघांचं डोकं डिंगबोचेपासून दुखत होतं. माझ्यासमोर सांगायची त्यांना लाज वाटली होती. माझ्या मताने त्यांची तोंडं बंद केली होती.

हवेत ऑक्सिजन सगळीकडे 21 टक्केच असतो, पण उंचीवर हवेचा दाब घटतो. बेस कॅम्पला, 5,364 मीटरवर, तो समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा उरतो. त्याच्याशी जुळवून घ्यायला शरीराला दिवस लागतात आणि जिममधल्या घामाने ते कमी होत नाहीत. उलट दमदार माणूस भराभर चढतो आणि जास्त अडचणीत येतो. म्हणून 3,000 मीटरच्या वर झोपायची जागा रोज 500 मीटरहून जास्त उंच नेऊ नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच राहावं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी डॉक्टरांना विचारून जरूर घ्यावी, पण ती या दिवसांची जागा घेत नाही.

भूक मंदावेल, कोरडा खोकला लागेल, रात्री श्वास अडकल्यासारखा होऊन दचकून जाग येईल. एवढं बहुतेकांना होतं. डोकं दुखायला लागलं तर मात्र सांगायचं आणि ते थांबेपर्यंत वर जायचं नाही. तोल जाऊ लागला किंवा बसल्याजागी धाप लागली तर त्याच क्षणी खाली उतरायचं, रात्र असली तरी.

आता मी कुणाला घेऊन गेलो की रोज संध्याकाळी जेवणाआधी प्रत्येकाला विचारतो, "डोकं कसं आहे?" आणि पहिलं उत्तर मी माझं देतो, खरं खरं.