३०६ विरुद्ध ११६

सांगली

चि. सोनू हिस अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र मिळालं. नववीच्या मुलांना दोन महायुद्धांमधला काळ शिकवताना तू मुसोलिनीच्या सज्जातल्या भाषणाची चित्रफीत दाखवलीस, मुलं त्याच्या हातवाऱ्यांना खो खो हसली आणि मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, ‘मॅडम, एवढी माणसं याला भुलली कशी?’ तू दिलेलं उत्तर पुस्तकातलं आहे: महागाई, बेकारी, युद्ध जिंकूनही पदरात काही न पडल्याचा राग, रशियातल्या क्रांतीची धास्ती. त्यात खोटं काहीच नाही. पण बेकारी इंग्लंडातही होती आणि महागाई फ्रान्समध्येही, तिथे असा हुकूमशहा गादीवर बसला नाही. म्हणून म्हणतो, गर्दी घटकाभर बाजूला ठेव. ज्यांना त्याला अडवता आलं असतं, त्या चार शहाण्या माणसांकडे बघ. मी वर्गात नेहमी इटलीच घ्यायचो. एक तर तिथे हे आधी घडलं आणि दुसरं म्हणजे बरंचसं कागदोपत्री, मतं मोजून, सह्या घेऊन घडलं.

१९२१च्या निवडणुकीत ५३५ जणांच्या सभागृहात फॅसिस्ट निवडून आले अवघे ३५. तेही जोलित्तीच्या आघाडीत जागा मिळाली म्हणून. हा जोलित्ती पाच वेळा पंतप्रधान झालेला, मुरलेला म्हातारा. त्याचा हिशेब असा, की समाजवाद्यांना शह द्यायला ही उनाड पोरं वापरावीत. एकदा संसदेतल्या खुर्च्यांवर बसली की आपोआप निवळतील. ओसरी दिली की पुढे काय होतं, हे आपल्याकडच्या आजीबाईनंही त्याला सांगितलं असतं.

ही पोरं तोवर करत काय होती, ते मुलांना जरूर सांग, कारण पुस्तकात ‘हिंसाचार’ एवढा एकच शब्द असतो. पो नदीच्या खोऱ्यात, फेरारा-बोलोन्याच्या बाजूला, भूमिहीन मजुरांच्या संघटना जबर होत्या. मजुरी किती आणि कामावर कोणाला घ्यायचं, हे त्या ठरवत. जमीनदारांना ते सलत होतं. त्यांनी पैसे पुरवले. मग रात्री काळ्या सदऱ्यांची टोळी मालमोटारीतून यायची, संघटनेची कचेरी जाळायची, पुढाऱ्याला घराबाहेर ओढून दंडुक्यांनी झोडपायची आणि त्याच्या घशात एरंडेल ओतायची. आपल्याकडे पोट साफ व्हायला चमचाभर देतात ते नव्हे, इतकं की माणूस दिवसभर उठू शकू नये, कधी जिवावर बेतावं. यात एक अक्कल होती, नीच पण अक्कलच. मारलेल्याचा हुतात्मा होतो. गावासमोर कपडे खराब झालेल्या माणसाचं हसं होतं. पोलीस बहुधा दुसरीकडे बघत, कधी शस्त्रंही पुरवत.

आता रोमवरची ती सुप्रसिद्ध स्वारी. पुढे फॅसिस्टांनी तिची पोवाडे गावेत अशी कथा केली. प्रत्यक्षात ऑक्टोबर १९२२च्या अखेरीस काही हजार माणसं भर पावसात, अपुऱ्या शस्त्रांनिशी, शहराबाहेर अडकून पडली होती. सैन्यानं जागोजागी रेल्वे रोखली होती. रोममध्ये शिबंदी पुरेशी होती. पंतप्रधान फाक्ता फार कर्तबगार नव्हता, पण त्याच्या मंत्रिमंडळानंही लष्करी कायदा पुकारायचं ठरवलं. २८ तारखेला दुपारपासून तो लागू होणार म्हणून भिंतींवर जाहीरनामे चिकटवायला सुरुवातही झाली. राहिली होती राजाची सही. सकाळी फाक्ता कागद घेऊन गेला आणि राजा व्हित्तोरिओ इमॅन्युएलनं सही करायला नकार दिला. का, यावर इतिहासकार अजून भांडतात. सैन्य आपल्याच बाजूनं गोळी चालवेल याची खात्री नव्हती म्हणून, चुलतभावाचा गादीवर डोळा असल्याचा संशय होता म्हणून, की यादवी टाळायची होती म्हणून. मला विचारशील तर त्याला झंझट नको होतं. जाहीरनामे पुन्हा खरवडून काढावे लागले. मुसोलिनी या स्वारीत नव्हताच. तो मिलानला बसून होता, सरहद्द तिथून जवळ. बोलावणं आल्यावर तो रात्रीच्या गाडीत झोपण्याच्या डब्यातून निघाला आणि ३० तारखेला सकाळी रोमला उतरला. वय ३९.

तुझ्या फळ्यावर एकच आकडा लिहायचा असेल तर नोव्हेंबर १९२२मधल्या विश्वासमताचा लिही. १६ तारखेला मुसोलिनीनं सभागृहाला तोंडावर सांगितलं, की मनात आणलं असतं तर या दालनाला टाळं ठोकता आलं असतं. त्यानंतर मतदान झालं. बाजूनं ३०६, विरुद्ध ११६. त्याची स्वतःची माणसं जेमतेम पस्तीस, हे विसरू नकोस. बाकीची मतं घातली जोलित्तीनं, युद्धकाळात पंतप्रधान असलेल्या सालान्द्रानं आणि ओर्लान्दोनं, कॅथलिकांच्या पक्षानं आणि त्याच पक्षाच्या दे गास्पेरीनं, जो दुसऱ्या महायुद्धानंतर लोकशाही इटलीचा पंतप्रधान झाला. एकही गुंड नव्हे. वर्तमानपत्र वाचणारी, कायदा शिकलेली माणसं. थोडी शिस्त लागेल, संप थांबतील, मग याला दूर सारू, असं बहुतेकांच्या मनात.

पुढची दोन वर्षं भराभर सांगून टाक. टोळ्यांची ‘स्वयंसेवक सेना’ झाली, म्हणजे एरंडेल पाजणारे सरकारी पगारावर आले. १९२३चा आचेर्बोचा कायदा: ज्या यादीला सर्वांत जास्त मतं, पण निदान पंचवीस टक्के, तिला दोनतृतीयांश जागा. हाही सभागृहानंच मंजूर केला. १९२४च्या निवडणुकीतली दंडेली समाजवादी मात्तेओत्तीनं ३० मे रोजी आरडाओरड्यात उभं राहून एकेक मतदारसंघ घेऊन मांडली. खाली बसताना तो सोबत्यांना म्हणाला, आता माझ्या मयताच्या भाषणाची तयारी करा, असं सांगतात. १० जूनला तायबर नदीकाठच्या रस्त्यावरून त्याला मोटारीत कोंबून नेलं. प्रेत ऑगस्टमध्ये रोमबाहेरच्या रानात सापडलं.

तेव्हा मुसोलिनी खरोखर डळमळला होता. विरोधक सभागृह सोडून बाहेर पडले आणि राजा काहीतरी करील म्हणून वाट बघत बसले. राजानं काही केलं नाही. सिनेटमध्ये विश्वासाचं मत द्यायला तत्त्वज्ञ क्रोचेनंही हात वर केला, खून ताजा असताना. वर्षभरात हाच क्रोचे फॅसिझमविरुद्धचं जाहीर निवेदन लिहितो, पण तोवर गाडी सुटली होती. ३ जानेवारी १९२५ला मुसोलिनीनं जे झालं त्याची सगळी जबाबदारी माझी, असं छातीठोक सांगितलं. कोणी काही केलं नाही. १९२६अखेर बाकीचे पक्ष बंद.

जर्मनीचं वेगळं काय सांगू? नोव्हेंबर १९३२मध्ये हिटलरची मतं घसरून तेहतीस टक्क्यांवर आली होती. तो उतरणीला लागलेला असताना माजी चॅन्सेलर पापेननं त्याला चॅन्सेलरपदापर्यंत नेलं, जोलित्तीच्याच हिशेबानं. स्टालिनची वाट निराळी. तिथे निवडणूक नव्हती, पक्षाची कचेरी होती आणि कोणाला कुठे नेमायचं हे त्या कचेरीच्या हातात. या तिघांना एकाच तक्त्यात बसवणारे धडे मला आवडत नाहीत.

मला जास्त सतावतात ते प्राध्यापक. कदाचित आपली जात म्हणून. १९३१मध्ये हुकूम निघाला, की विद्यापीठातल्या प्रत्येक प्राध्यापकानं राजाशी आणि फॅसिस्ट राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यावी. प्राध्यापक बाराशेहून अधिक. इतिहासकार नकार देणारे सहसा बारा धरतात. त्यात गणिती व्होल्तेरा होता, प्राचीन इतिहासाचा दे सांक्तिस होता, मिलानचा मार्तिनेत्ती होता. या मार्तिनेत्तीनं तरुणपणी आपल्या सांख्यदर्शनावर प्रबंध लिहिला होता. नोकरी गेल्यावर तो गावाकडे शेतीवर जाऊन राहिला. पण ज्यांनी शपथ घेतली ते भ्याडच होते, असं मुलांना सांगू नकोस. क्रोचेच सांगत होता, की राहा, नाहीतर तुमच्या जागी टाळकरी येतील. कम्युनिस्टांनी आपल्या माणसांना तेच सांगितलं. पोपनं, मनात अट ठेवून शपथ घेता येते, अशी पळवाट काढून दिली. शपथ घेणाऱ्या एइनाउदीला इटलीनं १९४८मध्ये राष्ट्राध्यक्ष केलं. कालामान्द्रेईनं शपथ घेतली आणि पुढे राज्यघटना लिहायला हात लावला. दोघंही सच्ची माणसं. तरी बाराशे जणांपुढे बारा हा आकडा पाहून मुसोलिनीला काय वाटलं असेल, तेही त्यांच्याच खात्यावर पडतं. लेव्ही-चिव्हितानं, ज्याचं गणित आइनस्टाइनला उपयोगी पडलं, सही केली होती. १९३८मध्ये वंशकायदे आले आणि तो ज्यू म्हणून घरी बसला. सही न करणारा व्होल्तेरा आणि सही करणारा हा, दोघं एकाच जागी आले.

त्याच १९३१च्या मार्चमध्ये नागपूरचे हिंदुमहासभेचे पुढारी डॉ. मुंजे गोलमेज परिषदेहून परतताना रोमला उतरले, मुसोलिनीला भेटले, मुलांच्या बालिल्ला संघटनेची कवायत पाहून खूश झाले आणि ते सगळं डायरीत लिहून ठेवलं. १९३७मध्ये त्यांनी तुमच्या नाशकात भोसला मिलिटरी स्कूल काढलं. केसरीतही त्या काळात इटलीचं कौतुक करणारे लेख येत. यावरून आजच्या शाळेवर शिक्का मारायचं कारण नाही. पण बाहेरगावचा शहाणा पाहुणा कवायत बघतो आणि एरंडेल पाजलेला मजूर त्याला भेटत नाही, एवढं नववीच्या मुलांना समजतं.

पुढच्या तासाला भाषण दाखवू नकोस. ३०६ विरुद्ध ११६ हा आकडा लिही आणि प्रत्येकाला एकेक माणूस वाटून दे: राजा, जोलित्ती, दे गास्पेरी, फेराराचा जमीनदार, कचेरी जळालेला मजूर. आपण तसं का वागलो, हे त्यानं घरी बायकोला कसं सांगितलं असेल, ते लिहून आणायला सांग. राजाचं काम मागच्या बाकावरच्या त्या मुलीला दे. निबंध चांगले झाले तर मला पाठव. चष्मा नवा आहे, वाचीन.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका