गळलेलं पीस

मुनिमहाराजांजवळ तीन वस्तू असतात. पिंछी, कमंडलू आणि शास्त्र. पिंछी हे संयमाचं उपकरण, कमंडलू शुचितेचं आणि शास्त्र ज्ञानाचं. एवढाच संसार. आपल्या मसाल्याच्या डब्यात सुद्धा याहून जास्त वाट्या असतात! पण या वस्तू महाराज स्वतः विकत आणत नाहीत, त्या श्रावकांनी द्यायच्या. आता ‘श्रावकांनी’ म्हटलं तरी पिसं निवडणारे, पुसणारे, बांधणारे हात आमच्या ओणीत बायकांचेच आहेत. देण्याचा सवाल पुरुषांच्या नावानं पुकारला जातो, तो भाग वेगळा.

शास्त्रदानात तर बाईचंच नाव आधी घ्यावं लागतं. हुबळीहून गदगला आणि तिथून पुढं लक्कुंडीला गेलात, तर अत्तिमब्बेनं बांधलेली बस्ती अजून उभी आहे. हजार वर्षांमागं त्या माउलीनं पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती लिहवून घेऊन वाटल्या. छापखाना नाही, कागद नाही. ताडपत्रावर एकेक अक्षर लेखणीच्या टोकानं कोरायचं आणि मग त्यात काजळी भरायची. हजार प्रती म्हणजे किती हात आणि किती महिने, हा हिशेब मी पुष्कळदा करायला बसले आणि अर्ध्यावर सोडून दिला.

कमंडलूचं एवढं अवघड नाही. नारळाच्या करवंटीचा नाहीतर लाकडाचा. तांब्यापितळेचा घेत नाहीत, कारण वस्तूला मोल आलं की मागोमाग राखण आली. आत उकळून निवलेलं पाणी. भरायचं तोंड मोठं आणि ओतायची तोटी बारीक. सासूबाई म्हणायच्या, घरखर्चाचं पण असंच असावं बघ.

पिंछीला मात्र वेळ लागतो. वट्टकेराचार्यांच्या मूलाचारात तिचे पाच गुण सांगितले आहेत. धूळ धरत नाही, घाम शोषत नाही, मऊ आहे, नाजूक आहे आणि हलकी आहे. डोळ्यावरून फिरवली तरी खुपत नाही, असंही त्यात आहे. आमच्या ओणीतल्या अक्का हे शब्दशः पाळायच्या. एकेक पीस स्वतःच्या पापणीवरून फिरवायच्या. जे टोचलं ते बाजूला. दुपारभर त्यांचं हेच चालायचं आणि आम्ही सुना समोर बसून हसायचो. पण बसण्याआधी जमीन झाडायला, पाठ टेकण्याआधी अंग पुसायला जी वस्तू वापरायची, तिच्याखाली मुंगी आली तर ती सरकली पाहिजे, चिरडता कामा नये. त्यासाठी पापणीपेक्षा चांगली कसोटी कुठली? पिंछीशिवाय सात पावलांच्या वर चालणं झालं तर महाराजांना प्रायश्चित्त असतं.

बांधण्याची रीत सांगते. आधी लांबीप्रमाणे पिसं लावून घ्यायची. कोरड्या मऊ फडक्यानं दांडीकडून टोकाकडं पुसायची, उलटं पुसलं की तंतू विस्कटतात. उन्हात टाकायची नाहीत, रंग उतरतो. सावलीत चादरीवर पसरून प्रत्येक पिसात जीव आहे का बघायचा, कारण पिसाला कीड लागते आणि कीड लागलेली पिंछी म्हणजे जीव वाचवायच्या वस्तूतच जीवांचं घर. मग दांडीचा खालचा भाग साफ करून सगळ्या दांड्या एका पातळीत घ्यायच्या आणि दोऱ्यानं आवळायच्या. सैल बांधली तर महिन्यात पिसं निसटतात, फार आवळली तर दांड्या चिरतात. हे हातालाच कळतं, मला तिसऱ्या वर्षी कळायला लागलं.

या एका वस्तूवरून आपल्या धर्मात भांडणंही झाली आहेत. गायीच्या शेपटीच्या केसांची पिंछी वापरणाऱ्या संघाला गोपुच्छिक म्हटलं गेलं, मुळीच न वापरणाऱ्यांना निष्पिच्छिक, आणि दोघांनाही खोट्या जैनांच्या यादीत टाकलं गेलं. उमास्वामींना गृध्रपिच्छ हे नाव का, तर वाटेत मोरपिंछी पडली आणि वेळेला गिधाडाची पिसं घ्यावी लागली, अशी कथा सांगतात. ही कथा मला त्या भांडणांपेक्षा जास्त शहाणी वाटते.

माझी भाची इंग्लंडात शिकते. तिची एक मैत्रीण विक्का नावाचा पंथ मानते. जेराल्ड गार्डनर नावाच्या इंग्रजानं १९५० च्या दशकात लोकांपुढं आणलेला हा पंथ. त्यातल्या कितीतरी बायका स्वतःला हौसेनं चेटकीण म्हणवतात. आपल्याकडं हाच शब्द एखाद्या बाईला लागला तर तिच्या जिवावर बेततं, तिकडं त्या मिरवतात. असो. त्यांची उपकरणं म्हणजे कांडी, काळ्या मुठीची सुरी, पेला. शक्यतो स्वतः बनवायची, म्हणजे आपली शक्ती त्यात उतरते अशी श्रद्धा. त्या सुरीनं काही कापायचं नसतं म्हणे. कांडीसाठी झाडाची फांदी तोडावी की खाली पडलेली उचलावी, यावर त्यांच्यात वाद चालतो, असं भाचीनं फोनवर सांगितलं. मला आधी हसू आलं. मग अक्कांची चादर डोळ्यांपुढं आली आणि हसू थांबलं.

शक्तीचं म्हणाल, तर ते मला पटत नाही. मोरपिसांचा जुडगा दर्ग्यातल्या फकिराच्या हातातही असतो, तो पोराच्या डोक्यावरून फिरवून बाधा उतरवतो. आपल्या बायकाही तापलेलं पोर घेऊन महाराजांपुढं येतात, ‘नमोस्तु महाराज, जरा पिंछी लावा’ म्हणतात. आईच्या जिवाला मी नावं ठेवणार नाही. पण पिंछी भूत काढायला नाही, मुंगी वाचवायला आहे. तिच्यात जे काही आहे ते एवढंच, की ती कुणाला दुखवत नाही. आणि तयार होताना तिनं कुणाला दुखवलं असेल, तर मग तेही उरत नाही.

हा प्रश्न एका चातुर्मासात खरोखरच आमच्यापुढं आला. कार्तिकात पिंछी परिवर्तन ठरलेलं. नवी पिंछी कुणी द्यायची याचा सवाल होऊन गेला होता, जुनी घेण्यासाठी एका जोडप्यानं ब्रह्मचर्याचं व्रत घ्यायचं ठरवलं होतं, मांडव पडला होता. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याकडून पिसांचं पार्सल आलं. अक्कांनी पहिली मूठ उचलली आणि पापणीपाशी न नेता दांडीचं बूड बघितलं. आपोआप गळलेल्या पिसाचं बूड कोरडं, फिकट आणि स्वच्छ असतं. उपटलेल्याच्या बुडाशी काळपट लाल सुकलेलं काहीतरी चिकटलेलं राहतं. त्या मुठीत तसली पाच-सहा निघाली. काही पिसांचं बूडच कात्रीनं छाटलेलं होतं. ती अक्कांना जास्त वाईट वाटली. ‘रक्त दिसतंय ते निदान खरं बोलतंय,’ असं त्या म्हणाल्या.

पंचमंडळी आली. दोन दिवस राहिलेत, शेकड्यात पाच-सहा खराब निघणारच, ती काढा आणि बाकीची बांधा, असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच चूक होतं असंही नाही, पत्रिका वाटून झाल्या होत्या. अक्कांनी आवाज चढवला नाही. पिसं परत पोत्यात भरली, सुतळी बांधली आणि म्हणाल्या, ‘मी बांधणार नाही. ज्यांना बांधता येते त्यांनी बांधावी.’ बांधता कुणालाच येत नव्हतं. म्हणजे आम्हा दोघी-तिघींना थोडं यायचं, पण आम्ही खाली बघत बसलो.

शेवटी गोष्ट महाराजांपर्यंत गेली. त्यांनी जुनी पिंछी उचलून झटकून बघितली आणि अजून वर्षभर चालेल म्हणाले. मांडवात त्या दिवशी फक्त प्रवचन झालं. ज्यांनी सवाल घेतला होता ते पुष्कळ दिवस आमच्याशी नीट बोलत नव्हते.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो पहिल्या परिशिष्टात, मारला तर मोठा गुन्हा. आपोआप गळलेल्या शेपटीच्या पिसांना मात्र देशात सूट. म्हणजे सगळी भिस्त त्या ‘आपोआप’वर. पावसाळा सरता सरता, श्रावण-भाद्रपदापासून, मोर आपला पिसारा गाळतो. एका मोराची दीडशेच्या आसपास पिसं, आणि तीही दरवर्षी. चातुर्मास संपताना पिंछी बदलायची ही रीत कुणी बसवली ठाऊक नाही, पण तिचा मेळ मोराच्या वर्षाशी बरोबर बसतो.

हुबळीहून हावेरीकडं जाताना शिग्गावच्या पुढं बंकापूर लागतं. तिथल्या किल्ल्यात खिल्लार गुरांचं पैदास केंद्र आहे आणि त्याच आवारात मोर राखले आहेत. सकाळी लवकर गेलात तर झाडाझाडावर दिसतात. याच बंकापुरात दहाव्या शतकात गंग राजा मारसिंह राज्य सोडून आला आणि अजितसेन आचार्यांच्या चरणी त्यानं सल्लेखना घेतली. आचार्यांच्या हातातली पिंछी कुठल्या मोरांच्या पिसांची होती कुणास ठाऊक. मी तिथं उभी राहून उगाचच जमिनीकडं बघत होते. राखीव जागेतलं पीस उचलायचं नसतं, म्हणून नुसतीच बघत होते.

अक्का गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या वर्षापासून पार्सल बंद आहे. धारवाडच्या आसपास शेंगा आणि जोंधळ्याची शेतं आहेत, तिथल्या ओळखीच्या बायकांना आम्ही सांगून ठेवतो. त्या काही मोरावर खूश नाहीत. नविलु शेंगा उकरून खातो, मिरचीची रोपं तुडवतो. ‘तुमच्या महाराजांना सांगा, आमची अर्धी शेंग त्यांच्या पिंछीत गेली,’ असं एकीनं मला सुनावलं, आणि तेवढ्यातच पदराखालून अकरा पिसं काढून दिली. पैसे घेईना. मी बळंच पोराच्या हातात ठेवले.

यंदा दसऱ्यापर्यंत दोनशे नव्वद जमली. त्यातली चाळीसएक मोडकी. आणखी शंभर तरी लागतील. माझ्या सुनेनं चादर पसरली आहे, आणि ती एकेक पीस उलटं धरून बूड बघते आहे. पापणीवरून फिरवायला तिला अजून लाज वाटते.